भागाआत्याची हाक

भागाआत्या शेळ्या कधी मोजत नसे. मोजलं की नजर लागते, असं ती सांगे. पण घरात पंगत बसल्यावर कोण आलं नाही हे जसं न मोजता कळतं, तसं तिला कळे. संध्याकाळी कळप मळ्यावर आला की ती खोपटाच्या दाराला पाठ लावून उभी राही. सगळ्या आत शिरल्या की म्हणे, "कुलकरनीन कुटं ऱ्हायली?" आणि खरोखरच कुलकर्णीण मागं राहिलेली असे.

कुलकर्णीण ही शेळी होती. कुणाच्याही बांधावर उभं राहायचं, तोंड दुसरीकडं करायचं आणि अत्यंत सभ्यपणे तीन सऱ्या साफ करायच्या, असा तिचा खाक्या. म्हणून ते नाव. आत्यानं प्रत्येक शेळीला गावातल्या कुणा ना कुणाचं नाव दिलेलं होतं, आणि ज्याचं नाव त्याला ते ठाऊक नसे. एक पाटलीण होती, ती दुसरीला धडक दिल्याशिवाय पाणी पीत नसे. एक म्हातारी होती, मागच्या उजव्या पायानं अधू. एका काळ्या बोकडाचं नाव मास्तर होतं. तो दगडावर चढून समोरच्या दगडाकडं बराच वेळ पाहत राही, अंतराचा विचार करी, आणि अखेर उडी मारली की मधल्या खड्ड्यात पडे. मी त्या वर्षी सातवीची परीक्षा पास होऊन मास्तरकीच्या हुकमाची वाट पाहत घरी बसलो होतो. बोकडाचं नाव कुणावरून ठेवलं हे मी आत्याला विचारलं नाही. काही गोष्टी न विचारता समजण्याइतका मी शिकलेला होतो.

आमचा मळा शिनोलीच्या शिवारात, घोडनदीकडं उतरणाऱ्या ओढ्याच्या काठी. घरात थोरले दादा कर्ते. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आई त्याही आधी गेली. दावणीला एक बैलजोडी, डोंगरी जातीच्या दोन बुटक्या तांबड्या गाई, आणि खोपटात शेळ्या. गाई-बैल दादांचे, शेळ्या आत्याच्या. दहा-पाच शेळ्या घरच्याही होत्या, पण त्या आत्याच्या कळपात अशा मिसळलेल्या असत की कानाकडं पाहिल्याशिवाय ओळखू येत नसत.

कानाचं सांगायला हवं. आमच्याकडं त्या काळी एक रीत होती. लेक विधवा होऊन माहेरी परत आली की बाप तिला एक पाठ देई. पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी. चार माणसांसमोर देई. त्या पाठीच्या पोटी जे जन्मेल, आणि त्याच्याही पोटी जे जन्मेल, ते सगळं त्या लेकीचं. घरातल्या पुरुषानं त्याला हात लावायचा नाही. विकायचं तर तिच्या शब्दानं, कापायचं तर तिच्या शब्दानं. ओळख राहावी म्हणून त्या वंशाच्या प्रत्येक करडाच्या डाव्या कानाला खाच पाडायची. शेतात तिला वाटा नसे, घरावर नाव नसे. ती कानाची खाच तेवढी तिची. आत्याचा नवरा प्लेगात गेला, पोटी मूल नव्हतं. सासरच्यांनी आठ दिवसांत पोचती केली. माझ्या आजोबांनी तिला एक पाठ दिली, आणि त्या एका पाठीचा आत्यानं वीस-बावीस शेळ्यांचा कळप केला.

तिच्या दृष्टीनं त्या कळपाचा अर्थ काय होता ते चुलीपाशी दिसे. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी ती दुधाचा तांब्या आणून चुलीपाशी ठेवी. मग हात धुई, मग पाटावर बसे. कधी दूध कमी असलं तर तांब्यात अंगठाभरच असे, पण तांब्या आल्याशिवाय ती बसत नसे. वहिनींनी एकदा सहज म्हटलं की आत्याबाई, घर तुमचंच आहे, रोज कशाला? आत्या म्हणाली, "घर माजं हाय म्हनूनच. पावन्यानं आनलं नसतं."

तिचं बोलणं असंच असे, ताटात मीठ वाढावं तेवढं. गाईविषयी तिचं मत फारसं बरं नव्हतं. "गाईला देव मानत्यात," ती म्हणे, "म्हनून ती दावणीला उपाशी मरती. शेळीला कुनी काय मानत न्हाई. म्हनून ती झाडावर चढून खाती." आणखी एक सांगे, विशेषतः वहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं: "शेळीला आन सुनंला दोर लांब द्यावा. जवळ बांदली की दोगी बी खुंटा उपटत्यात." वहिनी हसत, आणि त्यांचा दोर खरोखरच लांब राहिला. आत्या त्यांच्या कुठल्याच कामात लुडबुड करत नसे.

आता माझ्या पराक्रमाकडं वळतो. हुकमाची वाट पाहत असताना पुण्याकडून आलेली शेतीची एक चोपडी माझ्या हाती पडली. तीत लिहिलं होतं की लसूणघास नावाचं विलायती गवत जनावरांना घातलं तर दूध दुप्पट होतं. मळ्याच्या कोपऱ्यात मी ते मोठ्या हौसेनं लावलं होतं, पाटाचं पाणीही दिलं होतं. एका सकाळी आत्या ओढ्यावर गेलेली पाहून दहिवर पडलेलं, ओलंचिंब गवत कापलं आणि पाटलिणीपुढं भारा टाकला. पाटलीण कृतज्ञ जनावर नव्हती, पण त्या दिवशी तिनं खाली मान घालून शेवटची काडीही खाल्ली. मी चोपडी घेऊन तिच्यासमोर बसलो. दूध दुप्पट व्हायला किती वेळ लागतो ते चोपडीत दिलेलं नव्हतं. थोड्या वेळानं दुधाऐवजी पोट दुप्पट झालं. डावी कूस ढोलकीसारखी तट्ट फुगली, शेळीचे डोळे बाहेर आले आणि ती आडवी झाली.

आत्या आली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, चोपडीकडं पाहिलं. मग घरातनं गोडंतेल आणून शेळीच्या घशात ओतलं, बाभळीची एक काडी तिच्या तोंडात लगामासारखी आडवी बांधली, जबडा हलता राहावा म्हणून, आणि दोर माझ्या हातात दिला. म्हणाली, "चालव हिला. ढेकर यीस्तवर थांबू नगं."

मळ्यावर चालायला वाट कुठली? म्हणून गावात. तोंडात काडी धरलेली फुगीर शेळी आणि तिच्यामागं पगडी घातलेला मी, अशी आमची वरात शिनोलीतनं तीन वेळा फिरली. पहिल्या फेरीत लोकांनी विचारलं काय झालं. दुसऱ्या फेरीत चावडीवर माणसं येऊन बसली. तिसऱ्या फेरीला मारुतीच्या देवळासमोर पाटलिणीनं असा काही ढेकर दिला की पारावरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले. लोक म्हणाले, बापूमास्तरांनी शाळा काढली, पहिला धडा बरा झाला.

घरी आलो तेव्हा मला वाटलं आता बोलणी खावी लागतील. आत्या हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. "बाप्या," ती म्हणाली, "सांग पुन्यांदा. म्हाताऱ्यानं हात जोडलं मंग?" मी पुन्हा सांगितलं, थोडं वाढवून. माझ्या फजित्या रंगवून सांगायची सवय मला त्या दिवसापासून लागली. आत्याइतकं छान हसणारं माणूस मला पुढं भेटलं नाही, म्हणून मी अनेकांपुढं तीच गोष्ट सांगत बसलो.

एका गोष्टीत मात्र ती हसत नसे. त्या पौषात कुलकर्णीण व्याली, पण करडू मेलेलं निघालं. त्याच दोन दिवसांत दुसरी एक शेळी करडू मागं ठेवून मेली. एकीकडं दूध होतं, एकीकडं भूक होती, पण कुलकर्णीण परक्या करडाला जवळ येऊ देईना, शिंगानं उडवून लावी. मी उपाय सुचवला. गाई-म्हशींना करतात तसं, मेलेल्या करडाचं कातडं या पोरक्या करडाच्या पाठीवर बांधायचं. वासानं आई फसते, पाजते. सगळेच करतात. आत्या म्हणाली, "न्हाई."

मी म्हटलं, का नाही, चार दिवसांचं तर काम आहे.

"खोटं बोलायचं तर मानसासंगं बोलावं," ती म्हणाली. "मानूस इसरतो. न्हाई इसरला तर किर्तनाला जातो. हिनं कुटं जायाचं?"

मग ती कुलकर्णिणीला मांडीशी धरून बसली. करडाच्या अंगाला मीठ चोळलं आणि शेळीला चाटू दिलं. मी म्हटलं, आत्या, हे फसवणंच झालं की. ती म्हणाली, "ही लाच हाय. लाच चालती." दिवसातनं चार वेळा, असे नऊ दिवस, ती त्या शेळीची मान कुशीत घेऊन बसे आणि करडाला आचळाशी लावी. मधून मधून शेळीशी काहीबाही बोले, सासरी जायला तयार नसलेल्या पोरीशी बोलावं तसं. दहाव्या दिवशी कुलकर्णीण आपणहून करडाला चाटू लागली. आत्यानं त्या दिवशी मला उठवून दाखवायला नेलं. मी पाहिलं आणि म्हटलं, कातडं बांधलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं. माझ्या चुकांत ही मी सहसा मोजत नाही, पण मोजायला हवी.

आता हाकेविषयी. आत्याची एक हाक होती. ती लिहून दाखवता येत नाही. "ईऽऽर्र" असं काहीसं पोटातनं निघून वर चढे आणि शेवटी "या गं बायांनो" इथं एकदम मऊ होई. ती हाक ऐकली की डोंगराच्या कुठल्याही कड्यावरनं शेळ्या खाली सुटत. दुसऱ्या कुणाच्या हाकेला, काठीला, आमिषाला त्या भीक घालत नसत. याचा अनुभव मी घेतला, कारण एकदा आत्याला हिवताप भरला आणि शेळ्या आणायला मी गेलो. मी हाका मारल्या. सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा चरायला लागल्या. मी वर चढलो, त्या आणखी वर चढल्या. मी घसरलो तेव्हा मास्तर बोकड कड्यावरनं खाली वाकून पाहत होता. एवढा जिव्हाळा मी त्याच्या डोळ्यांत एरवी पाहिला नव्हता. शेवटी आत्याच तापात घोंगडं पांघरून ओढ्यापर्यंत आली आणि तिनं एक हाक दिली. शेळ्या माझ्या अंगावरनं गेल्या.

त्यानंतर तिनं मला हाक शिकवायचं ठरवलं. चार दिवस आम्ही ओढ्याकाठी बसत होतो. मी ओरडे, ती मान हलवी. "घशातनं नगं. पोटातनं. आन बोलवू नगं त्यास्नी. त्या आल्याच हायेत, आपन नुस्तं म्हनतोय." पाचव्या दिवशी मी डोळे मिटून हाक दिली आणि डोळे उघडले तो म्हातारी शेळी लंगडत माझ्यापुढं येऊन उभी. आत्यानं माझ्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं मोडली. मग म्हणाली, "बाप्या, ही हाक म्हंजे माजी शेरडं हायती. दुसऱ्या कुनाला शिकवू नगंस."

मी कुणालाही शिकवली नाही. तेवढा शब्द मी पाळला.

माघात माझं लग्न ठरलं. मुलगी मंचरकडची, घराणं चांगलं. माझ्याबरोबर परीक्षा पास झालेल्या एका सोबत्याची वरात मी मंचरला पाहिली होती: घोडा, त्यावर झूल, पुढं जुन्नरची वाजंत्री. आमच्याकडं नवरदेव बैलगाडीतनं जात. मी दादांना म्हटलं की मास्तर होणाऱ्या माणसानं बैलगाडीतनं जाणं बरं दिसणार नाही. दादा म्हणाले, घोडा आणायचा तर काहीतरी विकावं लागेल. बैल विकता येत नव्हते. गाई घरच्या लक्ष्मी. दोघांचीही नजर एकाच वेळी खोपटाकडं गेली आणि दोघांनीही ती लगेच दुसरीकडं वळवली. तोंड दुसरीकडं करून सऱ्या साफ करणारी शेळी आमच्याच घरची होती, हे विसरू नये.

महाशिवरात्रीला आत्या दरसालप्रमाणं शेजारणींबरोबर भीमाशंकरला गेली. चार दिवसांची वाट होती. जाताना मला सांगून गेली की म्हातारीला कड्याकडं नेऊ नको, आणि मास्तराला पाणी पाजताना बाजूला उभा राहा. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "उद्या घोडेगावचा बाजार हाय. जुन्नरचा इब्राहिमचाचा येनार. खाचंची शेरडं घेऊन ये, मी पुडं जातो."

मी विचारलं, आत्या?

"इचारलंय मी तिला," दादा म्हणाले, आणि धोतराला काही लागलंय का ते पाहू लागले.

ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी या ठिकाणी म्हणत आलो आहे की मला काय माहीत, थोरला भाऊ सांगतोय तर खरंच असेल. दादा आणि आत्या बोलत नसत असं नाही. पण दादांनी आत्याला बसून काही विचारलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि आत्यानं जाताना मला पाणी पाजायचं सांगितलं होतं. विकायच्या बोकडाच्या पाण्याची काळजी कुणी करत नाही.

सकाळी मी ओढ्यावर उभं राहून हाक दिली. पोटातनं. त्या आल्याच आहेत असं म्हणून. सगळ्या आल्या. घरच्या शेळ्या खोपटात कोंडल्या आणि डाव्या कानाला खाच असलेल्या तेवढ्या घेऊन निघालो. वाटभर मी पुढं आणि त्या मागं. घोडेगावच्या अलीकडं ओढ्यात मास्तर बोकड उडी मारून पडला, त्याला बाहेर काढताना माझी पगडी वाहत गेली, ती झुडपात अडकली. पाटलिणीनं एका गाडीच्या बैलाला धडक दिली. असं सगळं झालं. माझ्या मागनं एकही शेळी वळून गेली नाही.

इब्राहिमचाचा जुन्नरचे जुने व्यापारी. पांढरी दाढी, हात मोठे. शेळीला हात लावण्याआधी ते हातावर थुंकून मातीत पुसत, म्हणजे आधीच्या शेळीचा वास नव्या शेळीला लागू नये. आमच्या भागात त्यांच्याविषयी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बाईमाणसाच्या खाचेची शेळी ते तिच्या तोंडच्या शब्दाशिवाय घेत नसत. नवरा आला, भाऊ आला, परत पाठवत. त्यांनी पहिल्याच शेळीचा कान उलटून पाहिला आणि हात मागं घेतला.

"ये तो भागाबाईची खूण," ते म्हणाले. "बाई कुठाय?"

दादा म्हणाले, देवाला गेलीय, पण तिचं सांगणं आहे. चाचांनी दादांकडं पाहिलं, मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. तेवढ्यात कुठंतरी कुत्रं भुंकलं, शेळ्या बिचकून फाकल्या आणि बाजारात शिरल्या. मी घाबरून हाक दिली. बाजाराच्या गलक्यातही ती वर चढली. आणि टोपल्यांमधनं, गाड्यांखालनं, लोकांच्या पायांतनं वाट काढत सगळ्या शेळ्या माझ्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. म्हातारी शेवटी, लंगडत.

चाचा थांबले. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"ही हाक तुला तिनं दिली?"

"हो," मी म्हणालो.

"मग झालं," ते दादांना म्हणाले. "बाईनं हाक दिली म्हंजे शब्दच दिला. तोंडी पाहिजे कशाला?"

आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. त्या रुमालाखाली दादांची बोटं आणि त्यांची बोटं भाव बोलत राहिली. मी बाजूला उभा होतो. मला एक शब्दही खोटा बोलावा लागला नाही, याचं मला त्या वेळी फार हायसं वाटलं.

आत्या चौथ्या दिवशी परतली. कपाळाला भस्म, पदराच्या गाठीत प्रसाद. दिवस मावळायला आला होता. तिनं घरात पाऊलही टाकलं नाही, तशीच ओढ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि हाक दिली. घरच्या शेळ्या आल्या. तिनं दाराला पाठ लावली, त्या आत गेल्या. ती तिथंच उभी राहिली. मग दुसऱ्यांदा हाक दिली.

दादा अंगणात आले आणि लांबूनच बोलू लागले. लग्न आहे, घराची अब्रू आहे, बापू काय तुझा कुणी नाही का, आणि आता तुला शेळ्यांमागं पळायचं वयही राहिलं नाही. बसून खा, तुला काय कमी आहे. आत्या सगळं ऐकत होती की नाही कोण जाणे. दादा संपल्यावर तिनं कोणी विकल्या, किती आले, का विकल्या, यातलं काही विचारलं नाही.

"माजी शेरडं परक्यामागं जात न्हाईत," ती म्हणाली. "हाक कुनी मारली?"

दादांनी जमिनीकडं पाहिलं. वहिनी दारात आल्या होत्या, त्या आत गेल्या.

आणि मी काय केलं? मी गोष्ट सांगायला लागलो. माझ्या फजित्या ऐकून ती हसते, हे एकच माझ्या डोक्यात होतं. मी सांगितलं की आत्या, काय मजा झाली, मास्तर ओढ्यात पडला, माझी पगडी वाहून गेली, पाटलिणीनं बैलाला धडक दिली, बाजारात त्या फाकल्या आणि मी हाक दिली तर लोक बघतच राहिले. मी हातवारे करून सांगत होतो. मधेच मी एकटाच हसलोही. आत्यानं मला थांबवलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"समद्या आल्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

"म्हातारी बी?"

"ती पण. मागनं आली. लंगडत."

आत्यानं मान हलवली. मग पदराची गाठ सोडली, प्रसाद वहिनींच्या मुलांच्या हातावर ठेवला, आणि चुलीपाशी गेली. पाटावर बसली नाही. रिकामा तांब्या कोनाड्यात होता, तो तिनं उतरवला, राख लावून घासला, पालथा घातला आणि खोपटात जाऊन झोपली. वहिनींनी ताट नेलं, ते तसंच परत आलं.

पहाटे ती गेली. बरोबर एक घोंगडं. पुढचं मला लोकांकडनं कळलं. पुढच्या बाजारी ती घोडेगावला इब्राहिमचाचांपुढं जाऊन उभी राहिली. ती काय बोलली कुणास ठाऊक. चाचा मात्र भर बाजारात खाली बसले आणि डोक्याला हात लावला म्हणतात. बाकीच्या शेळ्या विकल्या गेल्या होत्या. तीन उरल्या होत्या, त्या त्यांनी परत दिल्या आणि पैशाचं नाव काढलं नाही. त्यानंतर चाचांनी आमच्या मळ्यावरची एकही शेळी घेतली नाही, आमची घरचीसुद्धा नाही. दादांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, तुझा भाव बरोबर आहे. पण माझे कान आता खोटे झाले."

आत्याला आणायला दादा दोनदा गेले, वहिनी एकदा. मी गेलो नाही. मी घोड्यावर बसण्याचा सराव करत होतो. लग्न थाटात झालं. वाजंत्री जुन्नरची, झूल लाल. सबंध वरातीत मी घोड्यावरनं पडलो नाही; इतकी बिनचूक गोष्ट माझ्या हातनं आयुष्यात दुसरी झाली नसेल. अंतरपाटाजवळ आत्याची जागा मोकळी ठेवली होती. कुणीतरी शेवटी तिथं अक्षतांचं ताट ठेवलं.

पुढच्या शिवरात्रीला मी बायकोला घेऊन भीमाशंकरला निघालो. शिनोलीच्या पुढं, घाट चढायच्या आधी, वाटेवर एक लहानशी वस्ती आहे. तिथं एका खोपीसमोर आत्या बसलेली दिसली. वाळली होती, पण पाठ ताठ. भोवती सात-आठ शेळ्या, त्यांत दोन ओळखीच्या. मी बायकोला सांगितलं, ही माझी आत्या. बायको वाकून पाया पडली. आत्यानं तिचं तोंड वर करून निरखून पाहिलं, माहेरचं गाव विचारलं, किती भावंडं ते विचारलं, घाटात पाय दुखले तर पळसाच्या सावलीला बस म्हणाली. मग उठून एका शेळीखाली बसली, द्रोणात दूध काढलं आणि तिला दिलं.

मी म्हणालो, "आत्या."

तिनं दुसरा द्रोण भरला. दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं केला, वाटसरूला द्यावा तसा.

"घ्या पावणं," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत घाट चढा. बाईमानूस हाय संगं."

आवाजात राग नव्हता. मी दूध प्यालो. दुसरं काय करणार? द्रोण कुठं टाकायचा ते मला कळेना, म्हणून तो हातात धरून उभा राहिलो. एक करडू लंगडत तिच्याजवळ आलं होतं. ती आमच्याकडं पाठ करून बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि उन्हाकडं धरून खुरातला काटा शोधू लागली.

बायको चार पावलं पुढं गेली होती. तिनं मागं वळून मला विचारलं की आत्याबाईंनी तुम्हाला ओळखलं नाही का. मी म्हटलं, त्यांना आता नीट दिसत नाही.

मागं काटा निघाला असावा, कारण करडू ओरडलं आणि उड्या मारत गेलं.